विकेंद्रित सोशल नेटवर्कसाठी अ‍ॅप बांधताना: बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

हिवाळ्यात ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरले की ठाणे-नवी मुंबईतल्या पक्षीप्रेमींचे फोन फोटोंनी भरून जातात. समजा, या मंडळींसाठी एक छोटं अ‍ॅप करायचंय. फोटो टाकायचा, जागेचं नाव लिहायचं, एखादा हॅशटॅग लावायचा आणि खाली चर्चा करायची, बस्स. त्यासाठी खाती, सर्व्हर, मित्रयादी सगळं शून्यातून उभारायची गरज नाही. मॅस्टोडॉन, ब्लूस्काय किंवा नॉस्टर या चालू नेटवर्कांवर हे अ‍ॅप बसवता येतं.

अडचण अशी की या नेटवर्कांत सगळं माहीत असलेला एकच डेटाबेस कुठेही नाही, किंवा असला तरी तो तुमचा नाही. म्हणून नेहमीच्या अ‍ॅपमध्ये फुकट मिळणाऱ्या गोष्टींची इथे कुणालातरी किंमत मोजावी लागते. ती वापरणाऱ्याच्या फोनने मोजायची, तुमच्या सर्व्हरने, की तिसऱ्याच कुणीतरी हौसेने चालवलेल्या सर्व्हरने? खालच्या प्रत्येक पायरीत हाच प्रश्न वेगळ्या वेशात येतो. उत्तर आधी कागदावर लिहा, मग कोडला हात घाला.

पायरी १: नेटवर्क निवडा, एकच

मॅस्टोडॉन अ‍ॅक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर, म्हणजे सर्व्हरांनी आपसात बोलायच्या नियमांवर चालतं. हा प्रोटोकॉल २०१८ च्या जानेवारीत वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेची अधिकृत शिफारस झाला. इथे माणसाचं खातं एका सर्व्हरवर राहतं आणि सर्व्हर एकमेकांना पोस्टी पोहोचवतात. त्या सर्व्हरला जेवढं दिसतं तेवढंच तुमच्या अ‍ॅपला दिसणार. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत नेता येतात, जुन्या पोस्टी मात्र मागेच राहतात.

ब्लूस्कायच्या एटी प्रोटोकॉलमध्ये कामाची वाटणी वेगळी आहे. माणसाच्या पोस्टी त्याच्या पीडीएसवर, म्हणजे वैयक्तिक डेटा सर्व्हरवर असतात. रिले सगळ्या पीडीएसचा प्रवाह एकत्र करतो आणि अ‍ॅपव्ह्यू त्यातून टाइमलाइन, आवडींचे आकडे, उत्तरांच्या माळा तयार करून देतो. नवख्याला हे सगळ्यात सोपं जातं, कारण आकडे पूर्ण येतात आणि शोध चालतो. बदल्यात एका मोठ्या अ‍ॅपव्ह्यूवर विसंबावं लागतं, आणि तसा दुसरा स्वतः चालवणं खिशाला परवडणारं नाही.

नॉस्टरमध्ये खातं म्हणजे फक्त किल्ल्यांची जोडी, एक उघड आणि एक गुप्त. पासवर्ड नाही, 'विसरलात का?' असं विचारणारं बटण नाही. गुप्त किल्ली हरवली की खातं गेलं, आणि ती दुसऱ्याच्या हाती पडली तर खातं कायमचं त्याचंही झालं. सगळा भार वापरणाऱ्याच्या खांद्यावर. मुलुंडहून कॅमेरा घेऊन आलेल्या काकांकडून ही किल्ली सांभाळली जाईल का, याचं प्रामाणिक उत्तर द्या आणि मगच नॉस्टरकडे वळा. वळलातच, तर किल्ली साध्या फाइलमध्ये ठेवू नका. फोनमधल्या सुरक्षित चिपला नॉस्टरची सही बहुधा स्वतः करता येत नाही. त्यामुळे चिपमध्ये वेगळी किल्ली तयार करून तिने नॉस्टरची किल्ली कुलूपबंद करावी लागते.

तिन्ही नेटवर्क एकाच अ‍ॅपमध्ये आणायचा मोह होतो. आवरा. तिघांच्या 'पोस्ट', 'उत्तर', 'डिलीट' या शब्दांचे अर्थच वेगळे आहेत. सगळ्यांना सामावणारा पडदा शेवटी कुणाचाच धड राहत नाही.

पायरी २: सर्व्हर लिहू नका

अ‍ॅक्टिव्हिटीपब वाचून स्वतःचा सर्व्हर लिहायची हुक्की बऱ्याच जणांना येते. त्यात प्रत्येक विनंतीवर सही करायची, समोरच्याची सही तपासायची, बंद पडलेल्या सर्व्हरांसाठी पुन्हा पाठवण्याची रांग सांभाळायची, आणि हे सगळं झाल्यावर स्पॅम आवरायचा. या कामात पहिलं वर्ष निघून जातं आणि रोहित पक्ष्यांचा फोटो अजून पडद्यावर आलेला नसतो.

फक्त क्लायंट, म्हणजे सर्व्हरशी बोलणारं फोनमधलं अ‍ॅप लिहा. अ‍ॅक्टिव्हिटीपबमध्ये क्लायंटसाठीही एक भाग आहे, पण मॅस्टोडॉन तो वापरत नाही, त्याची स्वतःची एपीआय, म्हणजे सर्व्हरशी बोलायची ठरलेली पद्धत आहे. गोटूसोशल, अकोमा, पिक्सेलफेड या दुसऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरांनीही तीच एपीआय बरीचशी उचलली आहे, त्यामुळे एका कोडवर बरेच सर्व्हर चालतात. इथे 'बरीचशी' या शब्दावर लक्ष असू द्या. मॅस्टोडॉनवर पोस्टीची मर्यादा मूळची ५०० अक्षरांची आहे, गोटूसोशलवर ५०००, आणि चालवणारा ती बदलूही शकतो. म्हणून एकही आकडा कोडमध्ये ठोकू नका. सर्व्हरच्या माहितीचा जो पत्ता असतो, त्याच्या उत्तरात अक्षरमर्यादा, फोटोंची संख्या, फाइलचा आकार सगळं येतं. ते लॉगिनच्या वेळी वाचा आणि दिवसातून एकदा ताजं करा.

पायरी ३: लॉगिन

मॅस्टोडॉनमध्ये अ‍ॅपची नोंदणी एकदाच एका ठिकाणी होत नाही. वापरणारा ज्या सर्व्हरचं नाव देईल, तिथे अ‍ॅपने चालू असतानाच नोंदणी करायची आणि मिळालेली ओळख त्या सर्व्हरच्या नावाखाली जपून ठेवायची. दर लॉगिनला नवी नोंदणी करणं ही नवख्यांची ठरलेली चूक. त्याने समोरच्याच्या डेटाबेसमध्ये कचरा साठतो. नोंदणी अमान्य असल्याचं उत्तर आलं, तरच नवी करा.

सर्व्हरच्या नावाच्या चौकटीत लोक काहीही टाकतात: पूर्ण वेबपत्ता, स्वतःचं सगळं हँडल, शेवटी मोकळी जागा. हे सगळं साफ करून घ्या. लॉगिनचं पान फोनच्या ब्राउझरमध्ये उघडा, अ‍ॅपच्या आतल्या वेबव्ह्यूमध्ये, म्हणजे त्याच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये नाही. वेबव्ह्यूमध्ये पासवर्ड तुमच्या अ‍ॅपच्या नजरेखालून जातो, आणि ती जबाबदारी विनाकारण अंगावर घ्यायची गरज नाही.

पायरी ४: टाइमलाइन आणि फोनमधला साठा

मॅस्टोडॉनची मूळ मर्यादा एका खात्याला ५ मिनिटांत ३०० विनंत्यांची आहे. ऐकायला भरपूर वाटते. पण दर पोस्टीसाठी लेखकाची माहिती वेगळी मागवलीत तर ४० पोस्टींच्या एका पानावर ४१ विनंत्या खर्च होतात, आणि सातआठ वेळा खाली ओढून ताजं केलं की दार बंद. लेखकाची माहिती पोस्टीसोबतच आलेली असते, तीच वापरा. किती विनंत्या शिल्लक आहेत हे प्रत्येक उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधी येणाऱ्या माहितीत लिहिलेलं असतं.

आलेल्या पोस्टी फोनमध्ये एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये ठेवा आणि पडदा नेहमी तिथूनच रंगवा. पोस्टीचा आयडी मजकूर म्हणूनच साठवा. तो अंकांचा दिसतो म्हणून जावास्क्रिप्टमध्ये त्याचा आकडा केलात, तर मोठ्या आयडीचे शेवटचे अंक गुपचूप बदलतात आणि भलतीच पोस्ट उघडते. काही सर्व्हरांचे आयडी तर अंकांचे नसतातच. पुढचं पान मागवायला आयडीवर गणित करू नका, सर्व्हर लिंक हेडरमध्ये पुढचा पत्ता देतो तोच वापरा.

सकाळी बंद केलेलं अ‍ॅप संध्याकाळी उघडल्यावर काय होतं तेही ठरवून ठेवा. 'या आयडीनंतरचं' मागायचे दोन मार्ग आहेत. सिन्स-आयडी दिलात तर सगळ्यात ताज्या ४० पोस्टी येतात आणि मधे खिंडार राहतं. मिन-आयडी दिलात तर सकाळच्या पोस्टीला लागून पुढच्या ४० येतात. ताजं आधी दाखवून खिंडाराच्या जागी 'मधल्या पोस्टी आणा' अशी पट्टी ठेवणं बरं. खिंडार लपवलं, तर माणसाला वाटतं आपण सगळं वाचलं.

पोस्टीचा मजकूर एचटीएमएलमध्ये येतो, आणि तो कुठल्याही अनोळखी सर्व्हरवरून आलेला असू शकतो. ठरावीक टॅग सोडून बाकी सगळं गाळा. लिंकचं पूर्वदृश्य स्वतः मागवायला जाऊ नका. मॅस्टोडॉनमध्ये ते सर्व्हर करून देतो. तुमचं अ‍ॅप प्रत्येक लिंक आपणहून उघडायला लागलं, तर वाचणाऱ्याचा आयपी पत्ता परक्या साइटला कळतो आणि त्या साइटवरही नाहक गर्दी होते. ब्लूस्कायमध्ये उलटं आहे: पूर्वदृश्याचं शीर्षक आणि चित्र पोस्ट करणाऱ्याचं अ‍ॅपच बनवून जोडतं. म्हणजे शीर्षक खोटंही असू शकतं, त्यामुळे खाली डोमेनचं नाव ठळक दाखवा.

पायरी ५: मराठी मजकूर, जिथे बहुतेक अ‍ॅप आपटतात

तयार लायब्ररी इंग्रजीवर तपासलेल्या असतात, त्यामुळे इथे वेळ द्यावा लागतो.

पहिली गोष्ट हॅशटॅगची. रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्रात, बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरून हॅशटॅग शोधलात, तर जावास्क्रिप्टमध्ये देवनागरीचं एकही अक्षर सापडत नाही. मग कुणीतरी 'युनिकोड अक्षर' हा वर्ग वापरायला सांगतं. तो लावल्यावर #ठाणे मधलं फक्त #ठ निळं होतं, कारण काना आणि मात्रा युनिकोडच्या हिशेबी अक्षर नसून 'खूण' या वर्गात येतात. अक्षर, खूण, अंक हे तिन्ही वर्ग आणि शून्य रुंदीचा जोडक (झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह) एवढं सगळं रेजेक्समध्ये हवं.

जोडक का? 'खाऱ्या पाण्यातले' यातला 'ऱ्या' संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: कुणाच्या कीबोर्डवर खाली नुक्ता असलेल्या ऱ ने, कुणाच्या साध्या र नंतर हलन्त आणि जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधात मात्र दोन वेगळे शब्द ठरतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हा फरक मिटवत नाही. शोधायच्या आधी दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारी एक ओळ स्वतः लिहावी लागते.

दुसरी गोष्ट ब्लूस्कायची. तिथे हॅशटॅग किंवा लिंक मजकुरात कुठून कुठपर्यंत आहे हे यूटीएफ-८ बाइटमध्ये सांगायचं असतं. 'आज ऐरोलीत #खारफुटी' हे वाक्य घ्या. जावास्क्रिप्टच्या मोजणीत हॅशटॅग १० पासून १८ पर्यंत आहे. पण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'आज'चे ६, मोकळ्या जागेचा १, 'ऐरोलीत'चे १८, पुन्हा मोकळ्या जागेचा १, असे २६ बाइट झाल्यावर हॅशटॅग सुरू होतो. # चा १ आणि 'खारफुटी'चे २१ धरून तो ४८ वर संपतो. तुम्ही १० आणि १८ पाठवलेत तर खूण 'ऐरोलीत'च्या र पासून सुरू होते आणि ल च्या मधोमध तुटते. इंग्रजीत दोन्ही मोजण्या जुळतात, म्हणून ही चूक चाचणीत कधीच सापडत नाही. चाचणीचं पहिलं वाक्य मराठीच ठेवा.

तिसरी गोष्ट अक्षरं मोजण्याची. ब्लूस्कायची मर्यादा ३०० दृश्य अक्षरांची, म्हणजे ग्राफीमची आहे, शिवाय ३००० बाइटची. मराठीत एका दृश्य अक्षराला साधारण पाचसहा बाइट पडतात, त्यामुळे दुसरी मर्यादा सहसा आड येत नाही. पहिलीत एक खोच आहे. युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीने जोडाक्षरं एकत्र धरायचा नियम आणला. त्यामुळे 'पक्षी' हा शब्द जुन्या फोनमध्ये तीन अक्षरांचा भरतो आणि नव्यात दोन. फोन 'बसतंय' म्हणतो आणि सर्व्हर पोस्ट नाकारतो, असं यातूनच घडतं. मर्यादेच्या दहाएक अक्षरं आधीच मोजपट्टी लाल करा, आणि सर्व्हरने नाकारलं तर मजकूर पुसू नका. मॅस्टोडॉनवर मोजणीत लिंक कितीही लांब असली तरी २३ अक्षरांचीच धरतात, हेही लक्षात असू द्या.

मजकूर कापून 'आणखी वाचा' दाखवताना दृश्य अक्षराच्या सीमेवरच कापा, नाहीतर 'पक्' एवढंच उरतं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवा, वेलांट्या कापल्या जात नाहीत. आणि पोस्टीबरोबर भाषा 'मराठी' म्हणून पाठवा. बऱ्याच फोनची भाषा इंग्रजी असते, अ‍ॅप तीच चिकटवतं, आणि मग मराठी पोस्टी निवडून वाचणाऱ्यांना तुमची पोस्ट दिसतच नाही.

पायरी ६: दुहेरी पोस्ट

ट्रान्स हार्बरची संध्याकाळची गच्च भरलेली लोकल डोळ्यांसमोर आणा. रबाळे सोडताना कुणीतरी 'प्रकाशित करा' दाबलं. विनंती सर्व्हरवर पोहोचली, पोस्ट लागली, पण उत्तर परत यायच्या आत नेटवर्क गेलं. अ‍ॅपला वाटलं पोस्ट फसली. घणसोलीला नेटवर्क आलं, अ‍ॅपने पुन्हा पाठवली. आता त्याच पक्ष्याचे दोन फोटो सगळ्यांच्या टाइमलाइनवर.

मॅस्टोडॉनमध्ये यावर उपाय म्हणजे आयडेम्पोटन्सी-की नावाचा हेडर. मसुदा तयार होतानाच एक अनोखी किल्ली बनवून मसुद्यासोबत साठवा आणि दर प्रयत्नाला तीच पाठवा. सर्व्हर पहिलीच पोस्ट परत दाखवतो. किल्ली 'प्रकाशित करा' दाबल्यावर बनवलीत तर उपयोग शून्य, कारण दुसऱ्यांदा दाबलं की नवी बनते. ब्लूस्कायमध्ये रेकॉर्डची, म्हणजे पोस्टीच्या नोंदीची की अ‍ॅपमध्येच आधी ठरवून पाठवा, म्हणजे दुसरा प्रयत्न त्याच जागेवर जातो. नॉस्टरमध्ये पोस्टीची ओळख म्हणजे तिचा मजकूर, वेळ वगैरे सगळ्यावरून काढलेला हॅश (ठशासारखा आकडा), त्यामुळे एकदा सही केलेली पोस्ट शंभरदा पाठवली तरी एकच राहते. फक्त दर वेळी वेळ बदलून नव्याने सही करू नका.

फोटो मॅस्टोडॉनमध्ये आधी वेगळा चढतो आणि पोस्ट नंतर जाते. मोठ्या फाइलला सर्व्हर २०२ हे उत्तर देतो, म्हणजे 'घेतलं, पण प्रक्रिया चालू आहे'. त्याच क्षणी पोस्ट पाठवली की ती नाकारली जाते. दोनतीन सेकंदांनी विचारत राहा. अर्धवट चढलेला फोटो, मसुदा आणि किल्ली हे सगळं डेटाबेसमध्ये राहिलं पाहिजे, कारण बाकीची अ‍ॅप उघडली की अँड्रॉइड तुमचं अ‍ॅप केव्हाही मारून टाकतो.

पायरी ७: फोटो आणि जागा

टाइमलाइनमध्ये मूळ फोटो कधीच आणू नका. दोन एमबीचे चाळीस म्हणजे एका स्क्रोलला ८० एमबी, तेही वापरणाऱ्याच्या डेटा पॅकमधून. पोस्टीत छोट्या आवृत्तीचा वेगळा पत्ता दिलेला असतो. तो छोटा फोटोही येईपर्यंत मॅस्टोडॉनने पाठवलेल्या ब्लरहॅश या छोट्याशा सांकेतिक ओळीवरून धूसर रंग दाखवता येतात.

फोटोतली जीपीएसची नोंद चढवण्याआधी फोनमध्येच काढून टाका. काही सर्व्हर ती काढतात, सगळे काढतील याची हमी नाही. 'डीपीएस तलाव' किंवा 'ऐरोली' असं जागेचं नाव मजकुरात पुरे आहे. सोसायटीच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश राहिले, तर कुणाच्या घराचा पत्ता जगभर जातो, आणि एकदा दुसऱ्या सर्व्हरवर पोहोचलेली प्रत परत मागवता येत नाही.

फोटोचं वर्णन लिहायची चौकट फोटोच्या खालीच उघडी ठेवा, मेनूत लपवू नका. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी ती असते, आणि या नेटवर्कांवर वर्णनाशिवाय टाकलेला फोटो बरेच जण पुढे पाठवतच नाहीत.

पायरी ८: अ‍ॅपला जे माहीत नाही ते

मॅस्टोडॉनवर एका पोस्टीला तिच्या मूळ सर्व्हरवर ४१ आवडी असतील आणि तुमच्या सर्व्हरवर ३ दिसतील. उत्तरंही गहाळ असतात, कारण ज्यांना तुमच्या सर्व्हरवरचं कुणीच फॉलो करत नाही त्यांची उत्तरं तिथे पोहोचतीलच असं नाही. हा दोष झाकायला अ‍ॅपने स्वतःच मूळ सर्व्हरवर जाऊन सगळं गोळा करावं, असं वाटतं. तसं केलंत तर शे-दोनशे लोकांच्या छोट्या सर्व्हरवर तुमच्या हजारो वापरणाऱ्यांची धाड पडते. टाइमलाइनमध्ये आकडे दाखवूच नका. माळेच्या शेवटी 'मूळ पानावर आणखी उत्तरं असू शकतात' ही ओळ आणि एक बटण द्या. माणसाने मुद्दाम दाबलं तरच तिकडे जायचं.

बटणांवरचे शब्द जपून निवडा. मॅस्टोडॉनच्या थेट पोस्टीला 'खाजगी संदेश' म्हणू नका. ती एन्क्रिप्ट केलेली नसते, दोन्हीकडचे सर्व्हर चालवणारे ती वाचू शकतात, आणि मजकुरात तिसऱ्याचं हँडल लिहिलं की त्यालाही ती जाते. 'फक्त उल्लेख केलेल्यांना' हे बरोबर. डिलीटच्या खिडकीत 'पोस्ट काढण्याची विनंती इतर सर्व्हरांना पाठवली जाईल' असं लिहा. तिन्ही नेटवर्कांत डिलीट ही दुसऱ्यांना केलेली विनंतीच असते. ब्लूस्कायमध्ये ब्लॉकची नोंद सार्वजनिक असते, हेही ब्लॉकच्या बटणाजवळ सांगा.

पायरी ९: नोटिफिकेशन

इथे तुमच्या सर्व्हरचं बिल टळत नाही. दर मिनिटाला फोननेच विचारत राहिलं तर बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. मॅस्टोडॉन वेब पुश पाठवतं. ते झेलून गूगल किंवा अ‍ॅपलच्या पुश सेवेकडे ढकलणारा एक छोटा मध्यस्थ तुम्हाला चालवावा लागतो. मजकूर आधीच एन्क्रिप्ट केलेला असतो आणि उलगडायची किल्ली फक्त फोनमध्ये असते. मध्यस्थाने तो न उघडता पुढे द्यायचा, लॉगमध्येही ठेवायचा नाही. महिना पाचेक डॉलरचा सर्व्हर सुरुवातीला पुरतो. ब्लूस्कायसाठी मात्र तुमच्या सर्व्हरला जेटस्ट्रीमचा, म्हणजे नेटवर्कवर नवं काय घडतंय ते सांगणाऱ्या सेवेचा, अखंड प्रवाह ऐकून त्यातून आपल्या लोकांचे उल्लेख वेचावे लागतात. तो चोवीस तास जागा हवा, म्हणून पहिल्या आवृत्तीत हे वगळलं तरी चालेल.

पायरी १०: चाचणी आणि स्टोअर

निदान दोन वेगळ्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हरांवर चाचणीची खाती काढा, एक मॅस्टोडॉन आणि एक गोटूसोशल. सर्व्हरच्या नियमांत चाचणीच्या खात्यांबद्दल काही आहे का ते आधी वाचा, आणि चाचणीच्या पोस्टी सार्वजनिक ठेवू नका. सगळ्यांच्या टाइमलाइनवर 'टेस्ट १२३' ओतणारं अ‍ॅप सर्व्हर चालवणारे बंद करतात, आणि त्यात त्यांची चूक नाही. मग फोन घेऊन ठाण्याहून वाशीच्या लोकलमध्ये बसा. साधारण अर्ध्या तासाच्या त्या प्रवासात फोटो चढवणं, मधेच अ‍ॅप बंद करणं, विमान मोड लावून काढणं हे सगळं करून बघा.

गूगल आणि अ‍ॅपल दोघांचीही स्टोअर अशा अ‍ॅपमध्ये पोस्टीची तक्रार करायची आणि माणसाला ब्लॉक करायची सोय मागतात. 'हे नेटवर्क माझं नाही' हे कारण तिथे चालत नाही. तपासणाऱ्यांसाठी भरलेलं चाचणी खातं आणि सर्व्हरचं नाव अर्जासोबत द्या, नाहीतर ते लॉगिनच्याच पडद्यावर अडतात. प्ले स्टोअरची नोंदणी २५ डॉलर, एकदाच. अ‍ॅपलची ९९ डॉलर, दरवर्षी. प्ले स्टोअरवर नवं वैयक्तिक खातं असेल तर सार्वजनिक करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद चाचणीत सामील राहायला हवं. मधेच दोघे गळले तर मोजणी फसते, म्हणून वीसेक जण घ्या. रोहित यायच्या आत अ‍ॅप लोकांच्या हातात हवं असेल, तर ही नावं दसऱ्यापर्यंत गोळा झालेली बरी. दिवाळीच्या आठवड्यात कुणीही चाचणीचं अ‍ॅप उघडत नाही.